दुष्यंत चित्रात नाही

शकुंतला म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राला कण्वांचा आश्रम आठवत असेल. मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा या पट्ट्यातल्या माणसाला मात्र आगगाडी आठवते. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून पऱ्हाटीच्या वावरांतून रमतगमत जाणारी. फाटक आलं की ती थांबायची, गाडीतलाच माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की फाटक उघडून पुन्हा गाडीत चढायचा. मूर्तिजापुरातून तिचा एक फाटा वर अचलपूरला जायचा, सुमारे ७६ किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर. आधी एक फाटा बंद पडला, मग दुसरा. २०१६ साली ब्रॉडगेजची घोषणा झाली. घोषणाही जुनी झाली, तेव्हा अकोल्याच्या एका दैनिकानं रविवारच्या पुरवणीचा अख्खा अंक शकुंतलेवर काढायचं ठरवलं आणि पहिल्या पानाचं चित्र माझ्याकडे आलं.

मी अमरावतीला शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांकडून वस्तुचित्रं आणि स्मरणचित्रं काढून घेणं हा माझा पेशा, वर्तमानपत्रांसाठी चित्रं काढणं हा जोडधंदा. संपादकांचा फोन आला तो थेट मुद्द्यावर. “सर, फोटो नको. गाडीचे फोटो गावागावांत, मोबाइलमोबाइलमध्ये आहेत. रविवर्म्याची ती काटा काढणारी शकुंतला आहे ना, तिचं विडंबन जमेल का?”

जमेल, म्हणालो. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की यातला सोपा विनोद लोकांनी कधीच करून टाकलाय. शकुंतला वाट पाहते, दुष्यंत विसरला, अंगठी हरवली, हे सगळं अचलपूर-परतवाड्याच्या बाजूला ‘शकुंतला वाचवा’ म्हणत आंदोलनं झाली तेव्हापासून पारावर बोललं जातंय. जे लोक रोज बोलतात तेच रविवारी चार रंगांत छापून द्यायचं, तर त्यासाठी चित्रकाराची गरज काय?

म्हणून आधी इतर चित्रांकडे वळून पाहिलं. मोनालिसाला १९१९ मध्येच मार्सेल द्युशाँनं मिशा काढून ठेवल्या, त्यानंतर जगातल्या प्रत्येक वर्तमानपत्रानं तिला काही ना काही नेसवलं. ग्रँट वूडचं ‘अमेरिकन गॉथिक’ १९३० चं. हातात शेतकामाचा काटा धरलेला माणूस, शेजारी बाई, मागे घर. शेतकऱ्याच्या विषयाला ते हमखास बसतं आणि अमेरिकेत त्याची इतकी विडंबनं झाली की मूळ चित्र बाजूला राहिलं. फ्रान्सच्या मिलेचं १८५७ सालचं ‘सरवा वेचणाऱ्या बायका’ माझ्या मनात फार वर्षांपासून आहे. कापणी झालेल्या वावरात वाकलेल्या तिघी, मागे धान्याच्या गंजी, लांब घोड्यावर बसलेला मुकादम. आपल्याकडच्या कापूस वेचणीच्या बाया त्या चित्रात जशाच्या तशा जाऊन उभ्या राहतील. बँक्सीनं २००९ मध्ये त्यातली एक बाई चौकटीवर आणून बसवली आणि तिच्या हाती सिगारेट दिली. हे सगळं मला माहीत आहे. मला पगार ज्या शाळेतून मिळतो तिथल्या मुलांना माहीत नाही, आणि रविवारी सकाळी कुरूमच्या किंवा बोरगावच्या स्टॉलवर पेपर घेणाऱ्यालाही माहीत नाही. विडंबनात मूळ चित्र वाचकाच्या डोक्यात आधीच असावं लागतं. ते समजावून सांगण्यात दोन ओळी गेल्या की चित्र मेलं.

रविवर्म्यांचं तसं नाही. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. त्यात पहिल्यांदा छापलं गेलेलं चित्रही शकुंतलेच्या जन्माचंच होतं. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांच्या मालकीचा झाला. तरुणपणी दादासाहेब फाळक्यांनीही त्या छापखान्याचं काम केलं. तिथून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, मोहिनी देशभर भिंतींवर गेल्या. मग कॅलेंडरं आली, उदबत्तीचे पुडे आले, काड्यापेट्या आल्या. वऱ्हाडात ज्या घरात एकही चित्रकलेचं पुस्तक नाही तिथंही रविवर्मा आहेत, फक्त कुणी त्यांना रविवर्मा म्हणत नाही. आणि शाकुंतलाची गोष्ट म्हणाल तर १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ती संगीत नाटकातून मराठी घरात आणून सोडली, ती आजतागायत तिथंच आहे.

मध्ये एकदा दमयंतीनं मोह घातला. ती तर आमचीच. विदर्भराज भीमाची लेक, कौंडिण्यपूर आमच्याच अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी. रविवर्म्यांच्या चित्रात ती लाल साडीत उभी आहे आणि समोर हंस नळाचा निरोप सांगतोय. विदर्भाला निरोप आणि आश्वासनं देणाऱ्या हंसांची कधीच कमतरता नव्हती, तेव्हा विषय उत्तम होता. पण तो दुसऱ्या कुठल्या तरी रविवारचा. गाडीचं नाव शकुंतला, म्हणून शकुंतलाच हवी.

हक्कांचा प्रश्न नव्हता. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचे हक्क केव्हाच संपले. १९७९ साली सरकारनं त्यांची चित्रं राष्ट्रीय ठेवा ठरवली, त्यामुळे मूळ चित्रं देशाबाहेर नेता येत नाहीत, पण त्यांच्याशी दोन शब्द बोलायला बंदी नाही. देवतेचं चित्र असतं तर मी हात लावला नसता. लक्ष्मीच्या तसबिरीपुढे कुणीतरी रोज दिवा लावतं. शकुंतला देवघरात नाही, दिवाणखान्यात आहे.

तर आता ते चित्र. शकुंतला सख्यांबरोबर निघाली आहे. एक हात सखीच्या खांद्यावर, एक पाऊल मागे उचललेलं, दुसरा हात त्या पावलाकडे. पायात काटा रुतला म्हणून थांबलेय असं दाखवते आहे आणि मान मात्र मागे वळलेली आहे. कालिदासाच्या पहिल्या अंकात ती दर्भाचं टोक रुतल्याचं आणि वल्कल झुडपात अडकल्याचं निमित्त करते, तेच हे. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा इतका देखणा नमुना चित्रकलेत दुसरा नसेल.

मी घरी भाचीला तसं उभं राहायला सांगितलं. एक हात कपाटाला, एक पाय मागे, मान उलटीकडे. पाच-सात सेकंदांत ती डगमगली. म्हणाली, “मामा, असं कोणी उभं रायते का?” तिचं खरं होतं. खरोखर काटा काढायचा असला तर माणूस पावलाकडे पाहतो, डोळे आणि बोटं एकाच जागी येतात. इथं बोटं एकीकडे, डोळे दुसरीकडे, आणि सगळा भार सखीच्या खांद्यावर. सखीचा खांदा काढून घेतला तर शकुंतला पडेल. खोटं निमित्त कुठून ओळखू येतं, तर मानेच्या त्या पिळातून. रविवर्म्यांनी चेहऱ्यावर जितकं काम केलंय तितकंच या पिळावर केलंय. विडंबन करताना हा पिळ एक अंशानंही सैल पडला असता तर खाली कितीही आगगाड्या काढून उपयोग नव्हता.

आणि दुसरी गोष्ट त्याच वेळी दिसली, जी लहानपणापासून ते चित्र पाहूनही कधी डोळ्यांत भरली नव्हती. दुष्यंत चित्रात नाहीच. ती ज्याच्याकडे पाहते तो चौकटीबाहेर आहे. तिच्या नजरेवरूनच आपण ठरवतो की तिकडे राजा उभा असणार.

कच्चं रेखाटन पाठवलं आणि घोडं पेंड खाऊ लागलं. संपादकांचं म्हणणं, दुष्यंत दाखवा. डावीकडच्या झाडामागे मंत्री उभे करा, डोक्यावर मुकुट, हातात ब्रॉडगेजच्या घोषणेचा कागद. लोकांना आवडेल, फोनवर फोन येतील. त्यांचं व्यावहारिक गणित चुकत नव्हतं. व्यंगचित्रात ओळखीचा चेहरा असला की अर्धं काम आपोआप होतं.

मी नाही म्हणालो. कारण एकच. मंत्री चौकटीत आला की चित्र त्याचं होतं. वाचक आधी नाक बरोबर जमलंय का ते पाहतो, मग चष्मा पाहतो, हसतो आणि पान उलटतो. शकुंतला मागे पडते. शिवाय मंत्री बदलतात. ही लाइन ज्यांच्या कारकिर्दीत खिळखिळी झाली ते किती आले नि गेले. कोणाचा चेहरा काढायचा? रिकामी जागा ठेवली तर तिथं प्रत्येक जण आपापला दुष्यंत बसवतो. कुणी रेल्वे खातं, कुणी खासदार, कुणी लाइनची मालकी असलेली कंपनी. दर्यापूरच्या माणसाचा दुष्यंत वेगळा, यवतमाळच्या माणसाचा वेगळा.

मालकीची गोष्ट तर कुणालाही चक्रावून टाकेल अशी आहे. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गोदीपर्यंत आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात ही लाइन पडली. किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीनं त्यासाठी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, ही मात्र करारावर खासगीच राहिली. गाडी चालवायची भारतीय रेल्वेनं, लाइन कंपनीची. कापूस मँचेस्टरला गेला आणि तिथूनच १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन इथं आलं. ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. एवढा गुंतलेला मामला एका मंत्र्याच्या नाकावर बसवणं म्हणजे बाकी सगळ्यांना सोडून देणं.

संपादक पटकन मानणारे नाहीत, पण ऐकून घेणारे आहेत. “बरं, मग गाडी कुठं दाखवणार?” त्यांनी विचारलं. ते ठरवण्यासाठी मी बडनेऱ्याहून पॅसेंजरनं मूर्तिजापूरला गेलो.

ब्रॉडगेजच्या फलाटांवर नेहमीची गर्दी होती. बाजूच्या छोट्या लाइनीवर तरोटा आणि गाजरगवत गुडघ्याएवढं. रूळ दिसत नव्हते, पाय घासत गेलं की लागत होते. काही ठिकाणी लाकडी स्लिपर कुजून मऊ झाली होती आणि रुळाला धरून ठेवणारे खिळे अर्धेअधिक वर आले होते. हे खिळे चौकोनी अंगाचे, जाड, एका बाजूला डोकं पुढे आलेले. बोटानं हलवला तर एक चक्क हातात आला. गंजाचा रंग काळपट तांबडा, डोक्याखाली मात्र जिथं तो लाकडात होता तिथं अजून निळसर चमक. मी बसून त्याचं रेखाटन करत होतो तर एक म्हातारे गृहस्थ शेळ्या घेऊन आले. “काहून भाऊ, फोटो काढून रायले का? आता काय रायलं इथं!” मी चित्र काढतोय म्हटल्यावर ते वही पाहायला वाकले आणि म्हणाले, “खिया तं बराबर काढला. गाडी कवा काढाल?”

तिथंच चित्र ठरलं. गाडी काढायची नाही. शकुंतला जशी आहे तशी, सख्या जशा आहेत तशा, झाडं तशीच. फक्त तिच्या बोटांत काट्याऐवजी हा खिळा, आणि पायाखालची पायवाट म्हणजे गवतात बुडालेले अडीच फुटी रूळ. बदल म्हणाल तर एकच. काट्याचा खिळा झाला, रूळ तर त्या खिळ्याबरोबर आपोआप आले.

विडंबनात एका बदलाच्या पुढे जाऊ नये असं मी मुलांनाही सांगतो. ही सवय आपल्याकडे लेखनातून आली आहे. आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुलं’ १९२५ साली काढली तेव्हा ते समकालीन कवींची वृत्तं, यमकं, उसासे सगळं तंतोतंत सांभाळत आणि विषय तेवढा घसरवत. वृत्तात चूक झाली असती तर लोक अत्र्यांना हसले असते. मराठी विनोदाचे आद्य पुरुष श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आमच्या वऱ्हाडातच, खामगाव आणि जळगाव-जामोदला वकिली करत होते. तेव्हा गंभीर चेहऱ्यानं थट्टा करण्याची परंपरा आम्हाला परक्या गावातून आणावी लागत नाही.

पुढचा प्रश्न चेहऱ्याचा होता आणि तो माझ्या मते सगळ्यांत नाजूक. या गाडीत बसायच्या त्या बाया रविवर्म्याच्या नव्हेत. मजुरीला जाणाऱ्या, डोक्यावर बोचकं, बाजारच्या दिवशी टोपलं, कॉलेजला जाणाऱ्या पोरी. एसटीपेक्षा भाडं कमी म्हणून लोक ही गाडी धरायचे. मग शकुंतलेचा चेहरा आणि लुगडं वऱ्हाडी बाईचं करावं का? पुरवणीतल्या एका उपसंपादक ताईंनी तसं सुचवलंही. विचार चांगला होता. काढून पाहिलं. गोम अशी झाली की फुलांचे दागिने घातलेली, एका पायावर तोल सावरणारी मजूर बाई पाहून हसू येतं ते तिच्यावर. रविवर्म्याच्या पोझमध्ये उभी राहण्याची तिची हिंमत हाच विनोद होऊन बसतो. आणि जिचा काही दोष नाही तिच्यावर हसू पडलं तर ते चित्र पायदळी तुडवण्याच्याच लायकीचं. पुष्पमाला एन. यांनी रविवर्म्यांच्या चित्रांतल्या बायकांच्या जागी स्वतः उभं राहून छायाचित्रं केली आहेत. तिथं हे जमतं, कारण उभी राहणारी आणि चित्र करणारी एकच आहे. मी पुरुष, शाळामास्तर, घरात बसून दुसऱ्याच्या कष्टाचा चेहरा उसना घेणार. त्यापेक्षा रविवर्म्याचीच बाई ठेवली. ती राजाची मागणी झालेली, देखणी, खात्यापित्या घरची दिसणारी. तिलाही विसरले, तर टोपलंवालीचं काय, हे वाचकानं आपलं आपण म्हणावं.

मग रंगकाम. इथं मूळ तैलचित्राची नक्कल करण्यात अर्थ नसतो, कारण वाचकाच्या डोक्यात तैलचित्र नसतंच. त्याच्या डोक्यात कॅलेंडर असतं. मूळ चित्रातल्या सावल्या खोल, तपकिरी आहेत. छापील प्रतींमध्ये त्या उजळल्या, त्वचा गुलाबी झाली, झाडं पोपटी झाली. मी मुद्दाम ते छापील रंग घेतले. पोस्टर कलरमध्ये मोठ्या कागदावर काढलं, स्कॅन करून संगणकावर थोडं सावरलं.

वर्तमानपत्राचा कागद पातळ आणि मळकट, शाई शोषून पसरवणारा. संगणकावर जो तपकिरी रंग सुंदर दिसतो तो छापून आल्यावर चिखल होतो. सावल्यांमध्ये चारही शाया एकावर एक चढल्या तर कागद ओला होऊन मागच्या पानावर उमटतो. आणि मशिनवर रंगांच्या चार प्लेटा केसभर इकडेतिकडे झाल्या की माणसाला दोन नाकं येतात. म्हणून रूळ मी फक्त काळ्या शाईत ठेवले. चार रंगांनी बनवलेला काळा असता तर बारीक रेषेला लाल-निळ्या कडा आल्या असत्या. खिळा मात्र पानावरची सगळ्यांत गडद आणि सगळ्यांत लाल वस्तू. त्याच्याभोवती पावलाचा उजळ तळवा ठेवला, म्हणजे डोळा तिथं पोचायला वाट सापडते. तळव्याला धूळ लावली. रविवर्म्यांच्या नायिकांचे पाय फार स्वच्छ असतात, मूर्तिजापूरच्या यार्डात तसे राहत नाहीत. एका बदलाचा माझा नियम एवढ्यापुरता वाकवला.

खरी गंमत घडीनं केली. मूळ चित्र उभं आहे आणि वर्तमानपत्राचं पानही उभं, त्यामुळे वर-खाली काही ओढाताण करावी लागली नाही. मोठ्या आकाराची पुरवणी मधोमध घडी घालूनच घरात येते. वाचकापुढे आधी वरचा अर्धा भाग पडतो. मी आकृती अशी बसवली की घडी शकुंतलेच्या कमरेवर येईल. वरच्या अर्ध्यात चेहरा, वळलेली मान, सख्या, झाडी. निखळ कॅलेंडर, कुठंही विनोदाचा मागमूस नाही. घडी उघडली की खाली पाऊल, खिळा, गवत आणि रूळ. वाचकाच्या हातानंच विनोद पुरा व्हायचा. हे भिंतीवरच्या चित्राला करता येत नाही आणि मोबाइलच्या पडद्यालाही नाही. दुमडलेला कागदच ते करू शकतो. वर्तमानपत्रासाठी चित्र काढायचं तर त्याच्या घडीचा उपयोग करून घ्यावा, ती अडचण समजून चित्र वर सरकवू नये.

शीर्षकावर बरीच खडाखडी झाली. ‘शकुंतलेचे अश्रू’, ‘विसरलास का रे दुष्यंता’, ‘रूळ सुटले, नातं तुटलं’ अशा एकेक फर्मास सूचना आल्या. शेवटी त्याच उपसंपादक ताईंनी एक शब्द दिला: ‘ओळखलंत?’ तो वर, चेहऱ्याच्या बाजूला गेला. वाचकाला वाटावं, चित्र ओळखलं का असं विचारताहेत. घडी उघडल्यावर तोच प्रश्न शकुंतला विचारते. दुर्वासाचा शाप ओळख पुसण्याचाच होता, आणि अंगठीशिवाय ओळख पटवण्याचा तिच्याकडे दुसरा पुरावा नव्हता. आजच्या शकुंतलेकडे पुरावा म्हणून हा एक खिळा.

पुरवणी निघाली. फोन आले ते बहुतेक दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोटकडून. गाडीच्या आठवणी सांगायला. चित्राबद्दल बोलणारे कमी, पण जे बोलले ते नेमकं बोलले. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, “सर, सगळं ठीक आहे, पन तुमची शकुंतला इतकी गोरी कायले? आमच्या गाडीत अशी बाई मी जन्मात पाह्यली नाही.” मी माझी बाजू सांगितली. त्यांना पटली नाही. त्यांचं म्हणणं होतं की आपल्या बाईला हसतील या भीतीनं तिला चित्राबाहेर ठेवणं हेसुद्धा विसरणंच आहे. मी त्यांच्याशी सहमत नाही, पण त्यांचा मुद्दा हलका नाही आणि पुढच्या चित्राच्या वेळी तो माझ्या टेबलावर असणार आहे.

परतवाड्याच्या एका दुकानात हे चित्र भिंतीला लावलेलं पाहिल्याचं मित्रानं सांगितलं. मला आनंद झाला. मग तो म्हणाला, अर्धंच लावलंय. मालकानं घडीवर कापून वरची शकुंतला ठेवली होती, खालचे रूळ बहुधा भज्यांच्या पुड्यात गेले. यावर काय बोलणार? रविवर्म्यांचा विजय झाला, माझा अर्धा झाला.

दरवर्षी इंटरमिजिएटची परीक्षा झाली की दोन-तीन मुलं व्यंगचित्र शिकायचं म्हणून येतात. त्यांना मी या पानाची उरलेली प्रत दाखवतो आणि सांगतो की ज्याचं विडंबन करायचं ते चित्र आधी आहे तसं, चुकीशिवाय काढून दाखवा. मग त्यात काय काय आहे त्याची यादी करा आणि त्याच्या शेजारी काय नाही त्याची. विनोदाची जागा बहुतेक वेळा दुसऱ्या यादीत सापडते. बदल एकच करा. हसू कुणावर पडतंय ते छापायला देण्याआधी एकदा तपासा. आणि चौकटीत कुणी मंत्र्यासाठी जागा मागितली, तर नाही म्हणा.